यांगत्सेवर जाण्याआधी

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

चीनमधल्या यांगत्से नदीवरच्या बोटीच्या सफरीचं ठरवताय तर नोव्हेंबरच धरा. पुराचं पाणी मावावं म्हणून थ्री गॉर्जेस धरणाची पातळी पावसाळ्यापूर्वी १४५ मीटरपर्यंत उतरवतात आणि पाऊस सरत आला की पुन्हा १७५ पर्यंत भरतात. पाणी खाली गेलं की बोटीपासून गावापर्यंतचा चढ तेवढा वाढतो. आई, तुझ्या गुडघ्यांना भरलेलं धरणच सोयीचं. सकाळी धुकं आणि गार वारा असतो, तेव्हा कानटोपी घ्या.

चोंगछिंग शहराहून धरणाखालच्या यीचांगला प्रवाहाबरोबर साधारण ४ दिवस लागतात, उलट दिशेने १ दिवस जास्त. मी तर उलटच जा म्हणेन, कारण बोटीवरच्या माणसांशी ओळख व्हायला तो एक दिवस फार उपयोगी पडतो. मात्र बऱ्याच बोटी यीचांगहून नाही, धरणाच्या वरच्या अंगाला माओफिंगहून सुटतात आणि तिथवर बसने नेतात. बाबा, तुम्हाला धरणापाशी पाच टप्प्यांच्या लॉकमधून (पाणी भरून बोट वर उचलणाऱ्या हौदांमधून) बोट वर चढताना पाहायची असेल, तर पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या. त्याला तीन-चार तास लागतात, आणि बहुधा रात्रीच. खोली बोटीच्या मधल्या भागातली मागा, मागच्या बाजूला इंजिनाची घरघर झोपू देत नाही.

बोटीवर निवृत्त चिनी जोडपी पुष्कळ असतात. सकाळी डेकवर ताय-ची चालतं. कडेला उभं राहून हात हलवू लागलात की तुम्हाला जागा करून देतील. भाषांतराचं ॲप आणि त्यातली चिनी भाषा घरूनच डाउनलोड करा, गूगल तिथे चालत नाही. एका वेळी एकच छोटं वाक्य बोला, लांब वाक्याचा अर्थ हमखास बिघडतो. वय, मुलं, पेन्शन असं सगळं ते सरळ विचारतात. ती आपुलकी असते, तुम्हीही विचारा. चहा दिला तर दोन्ही हातांनी घ्या. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव ‘के दिहुआ’ चिनी लिपीत फोनमध्ये ठेवा. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारला. वयस्कर माणसांना हे नाव पुष्कळदा ठाऊक असतं, आणि आपण कुठले हे सांगायला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

छुथांगच्या घळीपाशी सगळे १० युआनची नोट हातात धरून फोटो काढतात, कारण नोटेच्या मागे तेच चित्र आहे. दोन-चार नोटा सुट्ट्या ठेवा. शेननोंगच्या ओढ्यावर तुमची बोट जात असेल तर तिथे ‘तुजिया’ या स्थानिक जमातीच्या अरुंद होड्या भेटतील. चढताना वाका, मधोमध बसा, उभं राहू नका. पूर्वी त्यांचे पूर्वज बांबूच्या पट्ट्यांचे दोर खांद्यावर घेऊन होड्या उथळ पाण्यातून ओढत. धरणाने पाणी खोल झालं, आता ते ओढणं पर्यटकांना दाखवण्यापुरतं उरलंय. काठावरची जुनी गावं पाण्याखाली गेली आणि १२ लाखांवर माणसं हलली. हा विषय त्यांनी काढला तर ऐका, आपण होऊन उकरू नका.

जेवणात नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. भाजीही डुकराच्या चरबीत परततात, मापो टोफूत खिमा असतो, चोंगछिंगच्या हॉटपॉटच्या रश्शात गोवंशाची चरबी. मांस, मासे, चरबी, मांसाचा रस्सा यातलं काहीच नको, अशी चिनी चिठ्ठी सोबत पाठवतेय. ती स्वयंपाक्यालाच दाखवा. जीभ बधिर करणारी मिरी आपल्या तिरफळाच्याच कुळातली आहे, घाबरू नका. उकळतं पाणी सगळीकडे मिळतं, थर्मास न्या.

पैशांसाठी अलीपे या चिनी पेमेंट ॲपला कार्ड इथूनच जोडा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, तिथे रोमिंग बंद असलं की सगळं अडतं. चोंगछिंगच्या धक्क्यावर खांद्यावर बांबू घेतलेले हमाल, बांगबांग, आता थोडेच उरलेत. भेटले तर सामान त्यांनाच द्या, भाव मात्र आधी ठरवा. रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत असू द्या.

तुमची,
लेक