मृत्यू झाल्यावर 'सीरियस आहे' सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृत्यूची बातमी फोनवर देणाऱ्या डॉक्टरांना तुमच्या कालच्या स्फुटात निर्दय ठरवले आहे. नातेवाइकांना बोलावून घ्यावे आणि समोर बसवून सांगावे, असा सल्लाही दिला आहे. दाराशी नातेवाईक बसलेला असेल तर तसेच केले पाहिजे, त्यात वाद नाही. पण सिरोंचा ते गडचिरोली अंतर 200 किलोमीटरच्या आसपास आहे. धारणीचा माणूस अमरावतीला यायचा तर मेळघाटचा घाट उतरून येतो. त्याला रात्री 'या' म्हणायचे तर कशाला या, हे सांगावेच लागते. ते टाळायला दवाखान्यांनी एक वाक्य धरून ठेवले आहे: 'पेशंट सीरियस आहे, लवकर या.' माणूस तासाभरापूर्वीच वारलेला असतो. माझे भांडण या वाक्याशी आहे, आणि तुमच्या स्फुटाने त्यालाच बळ दिले.

या वाक्याने घरी काय होते? पेशंट जिवंत आहे म्हणून धावपळ सुरू होते. औषधाला पैसे लागतील म्हणून मध्यरात्री उसनवारी होते, कोणी पोत गहाण टाकते. रक्त लागेल म्हणून दोन पोरांना उठवतात. एका मोटारसायकलवर तिघे बसतात, रस्त्यावर रानडुकरे, आणि चालवणाऱ्याचे सारे लक्ष खिशातल्या फोनकडे. पोचल्यावर कागदावर मृत्यूची वेळ दिसते सव्वादोन, फोन आलेला असतो साडेतीनला. त्या घटकेपासून आधीच्या सगळ्या उपचारांवरचा विश्वास उडतो. बिलासाठी मेलेला माणूस मशीनवर ठेवला, हा संशय इथूनच निघतो आणि तोडफोडही इथूनच. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्धचा 2010 चा कायदा आहे, पण तो भडका उडाल्यावर कामाला येतो.

'सीरियस' हा शब्द जिवंत पेशंटसाठी राखून ठेवावा, आणि वेळेवर वापरावा. तब्येत खालावू लागली की त्याच संध्याकाळी घरी फोन जायला हवा: 'औषधाला दाद नाही, आज रात्री काहीही होऊ शकते.' कोरोनात नातेवाइकांना आत येऊ देत नव्हते, तेव्हा कितीतरी वॉर्डांतून रोज असे फोन जात. पुढे ती पद्धत मोडली. आता घरी जाणारा पहिलाच फोन मृत्यूनंतरचा असतो.

फोन पेशंटला पाहिलेल्या डॉक्टरनेच करावा. वॉर्डबॉय किंवा गार्डकडे हे काम देऊ नये. आधी नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, गाव आणि भरतीचा (आयपीडी) नंबर केसपेपरशी ताडून पाहावा. एकाच वॉर्डात एका नावाचे दोन पेशंट असणे इकडे नवीन नाही. टेबलावर मॉनिटर वाजत असतो, बाजूला कोणी हसत असते, तिथून बोलू नये. पहिल्या वाक्यात आपले नाव, रुग्णालय, वॉर्ड सांगावा. मग विचारावे: कोण बोलता, पेशंटचे कोण लागता, गाडीवर तर नाही ना, जवळ कोणी आहे का? गाडीवर असेल तर आधी थांबवावी. लेकराने उचलला तर मोठ्या माणसाला द्यायला सांगावे. घरी म्हातारी एकटीच असेल तर फोन थांबवून दुसऱ्या नंबरवर लावावा.

त्यानंतर एक इशारा, 'बातमी चांगली नाही', आणि लगेच पुढचे वाक्य: 'रात्री सव्वादोनला त्यांचा मृत्यू झाला.' 'पेशंट गेला' म्हणू नये, दुसऱ्या दवाखान्यात गेला असे ऐकणाऱ्याला वाटते. मग आपण गप्प राहावे. मधून मधून 'मी फोनवरच आहे' एवढेच म्हणावे, नाहीतर रेंज गेली समजून ते फोन ठेवतात. कारण दोन वाक्यांत सांगावे. साप, विष, जळीत, अपघात, करंट असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन होणार, ग्रामीण भागात ते बहुधा दिवसाच होते, म्हणून रात्री जीव धोक्यात घालू नका, उजाडल्यावर निघा, हे स्पष्ट सांगावे. मृताचे आणि मृतदेह ताब्यात घेणाऱ्याचे, दोघांचे आधार कार्ड आणा, 108 ची रुग्णवाहिका मृतदेह नेत नाही, शववाहिका आहे की खाजगी गाडी करावी लागेल, हेही त्याच फोनवर सांगितले पाहिजे. गरीब घराला पहिली चिंता हीच असते. कोणाला, कोणत्या नंबरवर, किती वाजता, काय सांगितले हे केसपेपरवर लिहावे, आणि तासाभराने पुन्हा एक फोन करावा. पहिल्या फोनमधले निम्मे त्यांच्या डोक्यात शिरलेले नसते.

हे सगळे अडते ते नंबरवर. केसपेपरवर कधी गाडीवाल्याचा नंबर असतो, कधी पुण्याला कामावर असलेल्या मुलाचा. रिचार्ज संपला की इनकमिंगही बंद. ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला, तिथून नागपूरला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेले की रेफरच्या चिठ्ठीवर नंबर उतरतच नाही. भरती करतानाच दोन नंबर घ्यावेत, त्यातला एक गावात रेंजमध्ये राहणाऱ्याचा: आशाताई, पोलीस पाटील, किराणावाला. नंबरपुढे तो कोणाचा आणि घरची भाषा कोणती, गोंडी, माडिया, कोरकू की बंजारा, हे लिहावे. मात्र पोलीस पाटलाला 'घरी जाऊन तिथून फोन लावा' इतकेच सांगावे; बातमी डॉक्टरनेच द्यावी. अनोळखी नंबर आता कोणी उचलत नाही, म्हणून आधी 'अमुक रुग्णालयातून फोन करत आहोत' असा मेसेज टाकावा. मृत्यू मात्र मेसेजवर कधीच कळवू नये.

आणि एक तक्रार तुमच्याबद्दलही आहे. अपघातातल्या मृतांची नावे, कधी फोटोसुद्धा, तुमच्या पोर्टलवर रुग्णालयाचा फोन घरी लागण्याआधी येतात. मग बाप चौकात दुसऱ्याच्या मोबाईलवर मुलाचे नाव वाचतो. तालुका वार्ताहरांना सक्त सूचना द्या: नाव टाकण्यापूर्वी ठाण्यात आणि वॉर्डात विचारायचे, घरी कळवले का? 'नाही' उत्तर आले तर नाव थांबवायचे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
ता. अहेरी, जि. गडचिरोली