कढीपत्त्यावरच्या अळ्या मारू नका

महोदय,

पावसाळ्यात बेळगावात दारोदारी झेंडू, जास्वंद बहरते, आणि कढीपत्त्यावर अळी दिसताच औषध फवारले जाते. कृपया थांबा! पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी ही अळी पुढे हिरवी होते. डिवचली की डोक्यामागून शेंदरी शिंगे काढून उग्र वास सोडते. तिचेच फुलपाखरू होते. रोप लहान असल्यास एक-दोन अळ्या ठेवून बाकीच्या लिंबाच्या झाडावर हलवाव्यात.

जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी पाच मिली कडुनिंब तेल आधी साबणाच्या पाण्यात घोटून मग लिटरभर पाण्यात मिसळावे. नुसते तेल तरंगते, पाने करपतात. फवारणी संध्याकाळी, त्याच झाडावर. शेजारच्या कढीपत्त्यावर तुषार गेले तर अळ्या मरतात.

– एक बागप्रेमी, टिळकवाडी, बेळगाव