सायकली पुणेकरांनी बुडवल्या नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला, पुण्यात मोबाइलवरून भाड्याने मिळणाऱ्या सायकलींच्या योजनेवरचा लेख वाचला आणि फार वाईट वाटले. ‘पुणेकरांना शिस्त नाही म्हणून योजना बुडाली’ एवढाच त्याचा सूर आहे. नदीपात्रात फेकलेल्या आणि सोसायटीच्या जिन्याखाली दडवलेल्या सायकलींबद्दल लेखकाने लिहिले ते खरे आहे. सीट उपटून नेलेल्या सायकली मीही पाहिल्या आहेत. ज्यांनी हे उद्योग केले त्यांना दंड व्हायला हवा होता. पण जी माणसे नेमाने पैसे भरून सायकल वापरत होती, त्यांना काय काय सोसावे लागले याबद्दल लेखात एक ओळ नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये औंधात आणि विद्यापीठात सायकली आल्या. अर्ध्या तासाला एक रुपया. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. स्कूटर मला येत नाही आणि जवळच्या भाड्याला रिक्षावाले येत नाहीत, त्यामुळे मला तर फार सोय वाटली. सुनेने मोबाइलवर अ‍ॅप टाकून दिले. भाजी आणणे, बँक, ब्रेमेन चौकात जाऊन बस पकडणे, सगळे सायकलवर होऊ लागले. माझ्या वयाच्या आणखी काही जणी बघून बघून सायकल घेऊ लागल्या. लेखकाला या बायका दिसल्या नाहीत का?

मग कुलपांची दुखणी सुरू झाली. एकदा परिहार चौकाजवळ मी सायकल ठरलेल्या जागी, पांढऱ्या पट्ट्यांच्या आत लावली. मागच्या चाकाचे कुलूप खाली ओढले, ते खट्कन बसलेही. पण मोबाइलवर ‘राइड सुरू आहे’ हेच दिसत राहिले. वरचे मिनिटांचे आकडे पुढे सरकत होते. कुलूप उघडेना आणि भाडे थांबेना. मदत क्रमांकावर फोन लावला तर ध्वनिमुद्रित आवाज एकेक आकडा दाबायला सांगे आणि शेवटी फोन कट होई. बास्केटमध्ये मेथीची जुडी कोमेजत होती आणि मी तिथेच उभी. शेजारच्या दुकानाचा वॉचमन म्हणाला, “काकू, तुम्ही जा घरी, सकाळी एक मुलगा पण असाच उभा होता.” म्हणजे सायकल सकाळपासून बिघडलेली होती आणि ती बाजूला करायला कोणी फिरकले नव्हते!

अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये भरून ठेवलेले पैसे गेले. ते फार नव्हते. पण सुरुवातीला भरलेले डिपॉझिट मागितले तेव्हा ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ एवढा मेल आला आणि नंतर सायकली पुरवणारी कंपनीच दिसेनाशी झाली. ज्या सरकारी कार्यालयात विचारायला गेले तिथे उत्तर मिळाले, “तो कंपनीचा प्रश्न आहे, आमचा नाही.” सायकलींच्या उद्घाटनाला मात्र फलक सगळ्यांचे होते.

माझा सांगण्याचा मुद्दा एवढाच आहे. बिघडलेली सायकल त्याच दिवशी उचलायची कोणी, हे ठरलेले नव्हते. पंक्चर झालेली, कुलूप अडकलेली सायकल आठ-आठ दिवस फुटपाथवर पडून राहिली की ती बेवारशी दिसते, आणि बेवारशी वस्तूची नासधूस होणारच. कंपन्यांनी दीड-दोन वर्षांत गाशा गुंडाळला आणि खापर फुटले पुणेकरांच्या डोक्यावर. म्हैसूरला जून २०१७ मध्ये ‘ट्रिन ट्रिन’ ही अशीच सायकल योजना सुरू झाली. तिथे ठरलेली स्थानके होती, सायकल स्थानकावरच घ्यायची आणि स्थानकावरच परत द्यायची. आपल्याकडे पट्टे आखलेले होते, तरी कारभार ‘कुठेही घ्या, कुठेही सोडा’ असाच. पॅरिसमध्ये २००७ साली सुरू झालेल्या वेलिब या भाड्याच्या सायकल योजनेच्या हजारो सायकली पहिल्या दोन वर्षांतच चोरीला गेल्या, मोडल्या. तरी ती योजना आजही चालू आहे, कारण शहराने ती सोडून दिली नाही. तिथल्या लोकांना काय जन्मजात शिस्त आहे?

आणि चालवायची कुठे, हेही लेखकाने सांगावे. २०१७ मध्येच शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. प्रत्यक्षात सायकल मार्ग म्हणजे मध्येच विजेची डीपी, मध्येच झाड, पुढे पाणीपुरीची गाडी, आणि चौक आला की मार्गच संपतो. दुचाकी घुसू नयेत म्हणून रोवलेले खांब काही ठिकाणी इतके जवळ आहेत की सायकलचे हँडलच त्यातून जात नाही. दुचाक्या मात्र शेजारच्या उतारावरून आरामात वर चढतात. सायकलींचे शहर म्हणून ज्या पुण्याचे नाव होते, तिथे आज शाळेत जाणाऱ्या मुलाला सायकलवर पाठवायची आईबापांची छाती होत नाही.

उद्या पुन्हा अशी योजना आणायची झाली तर लोकांचे डिपॉझिट कंपनीकडे न जाता महापालिकेकडे जमा व्हावे, आणि प्रत्येक थांब्यावर उत्तर देणाऱ्या माणसाचा नंबर असावा. त्याशिवाय नागरिकांना शिस्तीचे धडे देऊ नयेत.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत गंजलेल्या सायकलींचा जुनाच फोटो छापला आहे. एखाद्या संध्याकाळी सातच्या सुमारास आपल्या छायाचित्रकाराला औंधच्या डीपी रस्त्यावर पाठवा आणि फुटपाथवर लागलेल्या दुचाक्यांचा फोटो छापा. चालणाऱ्यालासुद्धा तिथे जागा उरलेली नाही.

आपली,
एक नियमित वाचक, औंध, पुणे