औषध चालू नाही म्हणून ‘पार्ट डी’ टाळू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेत मुलांकडे कायमचे राहायला गेलेल्या मराठी ज्येष्ठांमध्ये एक समज घट्ट बसला आहे : ‘बीपीची एकच तर गोळी, ती वर्षभराची इथूनच नेतो, औषधांचा विमा कशाला?’ या हिशेबापायी मेडिकेअरचा (ज्येष्ठांसाठीच्या तिथल्या सरकारी आरोग्यविम्याचा) औषधांचा भाग, म्हणजे ‘पार्ट डी’, राहून जातो. त्याचा दंड मात्र पुढे जन्मभर हप्त्याला चिकटतो.

आधी मेडिकेअरचा हक्क कोणाला, ते पाहू. व्हिजिटर व्हिसावर जाणाऱ्यांना तो नाही. ग्रीन कार्डधारकाचे वय ६५ पूर्ण हवे आणि अमेरिकेत सलग ५ वर्षे वास्तव्य हवे. मुलाने २० वर्षे कर भरला म्हणून आईवडिलांना काही मिळत नाही. स्वतःची किंवा जोडीदाराची तिथली सुमारे १० वर्षांची नोकरी असेल तरच रुग्णालयाचा ‘पार्ट ए’ फुकट. नसेल तर २०२६ मध्ये त्याचा पूर्ण हप्ता महिना ५६५ डॉलर आहे. हा आकडा ऐकून घरचे सगळाच नाद सोडतात आणि घोळ इथे होतो. पार्ट डीसाठी ए आणि बी दोन्ही लागत नाहीत, एक पुरतो. डॉक्टरांच्या खर्चाचा ‘पार्ट बी’ (२०२६ मध्ये महिना २०२.९० डॉलर) घेतला की पार्ट डीचे दार उघडते. पार्ट डी खासगी कंपन्या सरकारी नियमांनुसार विकतात आणि त्याचा हप्ता वेगळा असतो.

नाव नोंदवायला ७ महिने मिळतात : पात्र होण्याचा महिना, त्याआधीचे ३ आणि नंतरचे ३. ज्यांची ५ वर्षे पासष्टीनंतर पुरी होतात, त्यांनी ती ज्या महिन्यात भरतात तो महिना धरावा, वाढदिवस नव्हे. ही मुदत टळली आणि सलग ६३ दिवस किंवा अधिक काळ तोडीचे दुसरे औषध-संरक्षण नसले, तर संरक्षणाविना गेलेल्या दर पूर्ण महिन्याला १ टक्का दंड बसतो. तो राष्ट्रीय पायाभूत हप्त्यावर मोजतात. २०२६ साठी हा हप्ता ३८.९९ डॉलर आहे. २६ महिने उशीर म्हणजे २६ टक्के, म्हणजे महिना १०.१० डॉलर. पायाभूत हप्ता दरवर्षी बदलतो, तसा दंडही. त्यामुळे औषध नसलेल्यानेही आपल्या भागातली सर्वांत स्वस्त योजना घेऊन ठेवावी, हे आमचे स्पष्ट मत. जोडीदाराच्या कंपनीचा विमा असेल तर ते संरक्षण पार्ट डीच्या तोडीचे आहे की नाही, हे सांगणारे पत्र दरवर्षी १५ ऑक्टोबरपूर्वी येते. ते फेकू नये, पुढे दंड टाळायला तोच पुरावा लागतो.

आता आपल्या औषधांची यादी. मेडिकेअरच्या संकेतस्थळावर योजना शोधताना औषधाचे नाव, मात्रा आणि महिन्याला किती गोळ्या हे भरावे लागते. तिथे भारतातले ब्रँडनाव टाकले की बहुधा काहीच सापडत नाही. स्ट्रिप उलटी करून मूळ औषधाचे नाव वाचावे. थायरॉइडच्या गोळीमागे ‘थायरॉक्सिन सोडियम’ असेल, तिथे ते ‘लेव्होथायरॉक्सिन’ म्हणून शोधायचे. दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होते. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत असतील तर दोन वेगळी औषधे लिहावी लागतात. व्हिल्डाग्लिप्टिन किंवा टेनेलिग्लिप्टिन चालू असेल तर शोधूच नका. या औषधांना तिथे मान्यताच नाही, तिथल्या डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावीत. चिठ्ठीविना मिळणाऱ्या ॲस्पिरिनसारख्या गोळीचा खर्चही पार्ट डी देत नाही.

यादी भरली की जवळची दोन-तीन औषध दुकाने निवडावीत. एकाच योजनेत एका दुकानात गोळी ५ डॉलरला आणि समोरच्या दुकानात २० डॉलरला पडू शकते, कारण विमा कंपनीची पसंतीची दुकाने ठरलेली असतात. तुलना हप्त्यावर नको. हप्ता, सुरुवातीला पदरचा जाणारा खर्च (२०२६ मध्ये जास्तीत जास्त ६१५ डॉलर) आणि औषधांच्या खर्चातला आपला वाटा मिळून वर्षाचा आकडा पाहावा. योजना ज्यांचा खर्च देते त्या तिच्या यादीतल्या औषधांवर २०२६ मध्ये खिशातून २,१०० डॉलर गेले की त्या वर्षी पुढे काही द्यावे लागत नाही. इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरच्या वर लागत नाहीत. मात्र भारतात विकत घेतलेली औषधे या हिशेबात धरली जात नाहीत.

औषध योजनेच्या यादीत असूनही दुकानदार ‘मंजुरी हवी’ म्हणतो, तेव्हा घाबरू नये. काही औषधांना विमा कंपनीची पूर्वपरवानगी लागते, काहींसाठी आधी स्वस्त पर्याय घेऊन पाहावा लागतो. तो अर्ज डॉक्टरांच्या कचेरीतून जातो. नव्या योजनेच्या पहिल्या ९० दिवसांत, आधीपासून चालू असलेले औषध अडले तर एक महिन्याचा तात्पुरता साठा देण्याची सोय असते. ती आपणहून मिळाली नाही तर मागावी.

उत्पन्न कमी असेल तर ‘एक्स्ट्रा हेल्प’ या सरकारी सवलतीचा अर्ज सोशल सिक्युरिटीकडे (तिथल्या सरकारी निवृत्तिवेतन खात्याकडे) करावा, हप्ता आणि औषधांच्या खर्चातला आपला वाटा दोन्ही बरेच उतरतात. आणि ज्यांनी रुग्णालय-डॉक्टर-औषधे एकत्र देणारी ॲडव्हान्टेज योजना घेतली आहे, त्यांनी वर वेगळा पार्ट डी घेऊ नये. बहुतेक ॲडव्हान्टेज योजनांतून अशाने आपोआप नाव निघते, आणि ते कळते थेट डॉक्टरांच्या दारात.

योजना बदलण्याची वार्षिक मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर, म्हणजे बरोबर दिवाळीला भारतात येण्याचे दिवस. पुढच्या वर्षीचे बदल सांगणारे पत्र सप्टेंबरअखेर घरी येते. विमानात बसण्यापूर्वी ते उघडावे, आपली गोळी योजनेच्या यादीत आहे ना पाहावे. इंग्रजीची अडचण असेल तर मेडिकेअरच्या १-८००-६३३-४२२७ वर दुभाष्या मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. फोन करताना मेडिकेअर कार्डावरचा ११ अक्षरांचा क्रमांक हाताशी ठेवावा.

आपले,
दोन वाचक, न्यू जर्सी