थरथर जाते कधी, हे बघायला शिकवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,

स. न. वि. वि.

ॲक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते, या तक्रारीवर पहिला सल्ला ठरलेला असतो: चाकं बॅलन्स करून घ्या. त्याने भागलं नाही तर अलाइनमेंट, मग टायर, मग सस्पेन्शनचे बुश. तुम्ही आमचा प्रश्नच उलटा केलात. थरथर येते कधी हे गाडीवाला सांगतोच, ती जाते कधी ते तुम्ही शोधा, असं म्हणालात. त्या उलट्या प्रश्नासाठी हे जाहीर आभाराचं पत्र. तुमची पद्धत इथे सविस्तर मांडतो आहोत, म्हणजे निव्वळ संशयावरून पार्ट बदलणाऱ्यांचाही हात थोडा आखडेल.

रस्त्यावर जाण्याआधीचं काम तुम्ही कधी टाळू दिलं नाहीत. चाकाचे नट टॉर्क रेंचने तपासायचे, हवा बघायची, टायरवर फुगवटा आहे का ते हात फिरवून पाहायचं आणि चाकाची आतली बाजू साफ करायची. बॅलन्सिंगची वजनं 5-5 ग्रॅमची. रिमच्या आत वाळलेला मूठभर चिखल त्याच्या कितीतरी पट भरतो. फुगवटा दिसला तर चाचणी तिथेच थांबवायची. तो टायर वेगात फुटू शकतो.

मग चाचणी. रस्ता मोकळा आणि सपाट, गाडीत दोघं, एक चालवणार, दुसरा लिहिणार. थरथर ज्या वेगाला येते, समजा ताशी 80, तो वेग तीनदा गाठायचा: एकदा ॲक्सिलरेटर जोरात दाबून, एकदा पाय स्थिर ठेवून, एकदा पाय पूर्ण उचलून. वेग तिन्ही वेळा तोच, बदलतो तो फक्त इंजिनकडून चाकाला मिळणारा जोर. पाय उचलताच थरथर क्षणात गेली, तर चाकांच्या बॅलन्सिंगवरचा संशय जवळपास मिटला. बॅलन्स गेलेल्या चाकाला जोराशी देणंघेणं नसतं, ते आपल्या वेगाला हलणारच. तिन्ही वेळा सारखीच राहिली तर दोष चाक, टायर किंवा हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा.

दुसरी फेरी गिअरची. तोच वेग, एक गिअर खाली. वेग तोच राहून इंजिनचे फेरे वाढले. थरथरीची चाल बदलली किंवा ती दुसऱ्याच वेगाला सरकली, तर दोष इंजिनाकडचा. जागची हलली नाही, तर गिअरबॉक्सनंतर चाकांपर्यंतच्या भागांचा. गिअर न्यूट्रलला टाकूनही थरथर चालू राहिली, तर पुन्हा चाकांकडे. न्यूट्रल म्हणजे चावी बंद करणं नव्हे, हे तुम्ही दर वेळी बजावता, आणि ते दर वेळी बजावण्यासारखंच आहे. इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकची मदतही एक-दोन दाबांत संपते.

आकड्यांची भीती तुम्ही घालवलीत, त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. 195/65 आर 15 टायरचा घेर सुमारे 2 मीटर. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला 10 फेरे. चाकाचा दोष 10 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 10 झटक्यांना दिसणार. गिअरबॉक्सकडून चाकाला जोर नेणाऱ्या शाफ्टला दोन्ही टोकांना कोनात फिरू शकणारे सांधे असतात, ते सीव्ही जॉइंट. त्यातल्या आतल्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटला तीन रोलर, म्हणून त्याचा दोष 30 ला. मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीत डिफरन्शियलचं प्रमाण 4 असेल तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे जोर नेणारा लांब शाफ्ट, 40 ला फिरतो, आणि त्याच्या सांध्यातला क्रॉस एका फेऱ्यात दोनदा झटका देतो, म्हणून 80. चार सिलिंडरचं इंजिन 2,400 फेऱ्यांवर असताना एकच सिलिंडर मिसिंग करत असेल, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट जळत नसेल, तर 20. फोनच्या सेन्सरने हे मोजता येतं. मात्र तो सेकंदाला 100 नोंदी घेत असेल, तर 50 हर्ट्झच्या वरचं त्याचं सांगणं खरं धरायचं नाही.

पुढच्या चाकांना जोर देणारी गाडी, जोर दिला की जमीन आणि सीट डावी-उजवी डुलल्यासारखी थरथरते, पाय उचलला की शांत. ही बहुतेक वेळा तीन रोलरच्या त्या आतल्या जॉइंटची, म्हणजे ट्रायपॉड जॉइंटची खूण. कारण तुम्ही समजावलंत तेव्हा कोडं सुटलं. शाफ्ट कोनात फिरतो, त्यामुळे तिन्ही रोलर प्रत्येक फेऱ्यात आपापल्या खोबणीत पुढे-मागे सरकतात. खोबणीला खड्डा पडला की जोराखाली रोलर तिथे अडतो आणि शाफ्टला गाडीच्या डाव्या-उजव्या दिशेने ढकलतो, एका फेऱ्यात तीनदा. जोर काढला की रोलर खोबणीच्या भिंतीवर दाबला जातच नाही, म्हणून थरथरही नाही. वळणावर कटकट करतो तो बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट. दोघांची तक्रार एक समजून बाहेरचाच बदलला जातो आणि थरथर आहे तिथेच राहते.

जॉइंट हाताने तपासताना शाफ्ट आत-बाहेर सरकला तर घाबरायचं नाही, तो सरकण्यासाठीच बनवलेला असतो. वर-खाली हलला किंवा पिळताना टक् असा प्ले लागला, तर संशय पक्का धरायचा. बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण, शाबूत असला म्हणून जॉइंट शाबूत असतो असं नाही. खोलून रोलरच्या वाटेवर नख फिरवावं, डोळ्याला न दिसणारा खड्डा नखाला लागतो. जुळवताना ग्रीस किटमधलंच आणि पाकीट पूर्ण, व्हील बेअरिंगचं ग्रीस इथे नको. शेवटची पट्टी आवळण्याआधी बूटमधली कोंडलेली हवा काढायची.

इथवर बरेच जण येतात. नवा शाफ्ट बसवूनही थरथर उरते तेव्हा काय, हे मात्र तुमच्याकडूनच कळलं: कोन बघा. इंजिनचं एका बाजूचं माउंटिंग, म्हणजे त्याला धरणारा रबरी आधार, दबलं की इंजिन खाली येतं, जॉइंटचा कोन बदलतो, आणि तो वाढला तर चांगला जॉइंटही थरथरू लागतो. सस्पेन्शन उंच केलेल्या गाडीतही कोन वाढतो. जोर दिल्यावर गाडीचं नाक उचलतं, कोन आणखी वाढतो. म्हणून आधी माउंटिंग, मग शाफ्ट. बोनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, एकाने ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरात क्लच जेमतेम चावू द्यायचा, मग रिव्हर्समध्ये तेच. बघणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, गाडीच्या पुढे-मागे कधीच नाही. इंजिन थोडं कलणारच, पण बोट-दीड बोट उसळलं किंवा धप्पकन बसलं तर माउंटिंग गेलं. नवं बसवताना सगळे बोल्ट आधी सैल सोडून इंजिन आपल्या जागी बसू द्यावं, मग आवळावेत. पिळलेल्या अवस्थेत आवळलेलं नवंकोरं रबरही थरथर थेट केबिनमध्ये पोचवतं.

घोडीवर गाडी चढवून चाकं फिरवण्याचा मोह सगळ्यांना होतो. सस्पेन्शन लोंबकळत असताना जॉइंटचा कोन इतका वाढतो की धडधाकट शाफ्टही हलतो. फिरवायचंच तर खालच्या आर्मखाली आधार देऊन, चाक रस्त्यावर असतं त्या उंचीला आणून, तेही हळू.

मिसिंगबद्दल थोडक्यात. जोराखाली सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि कमजोर कॉइल तिथेच हात टेकते. रिकाम्या इंजिनला ती ठणठणीत वाटते. स्कॅनरवर पी 0302, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरच्या मिसिंगचा कोड आला तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावायची. कोड पी 0303 झाला तर कॉइल, तसाच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर, आणि तेही ठीक असतील तर कॉम्प्रेशन. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर जोर देणं बंद. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढतं.

इंजिनचा जोर ऑइलमधून पुढे देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिक गाडीत तुमची युक्ती सगळ्यांत सोपी. हलक्या पायाने, मधल्या वेगात, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर आली, तर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करायचा, दिवा लागेल इतकाच. ब्रेकचा स्विच टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक-अप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, सोडवतो. थरथर तत्क्षणी गेली तर दोष लॉक-अप क्लचचा किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचा, शाफ्टला हात लावायचं कारण नाही.

प्रोपेलर शाफ्टवाल्यांसाठी तुमचा एकच दंडक: काढण्याआधी दोन्ही टोकांना खुणा. शाफ्टचे दोन तुकडे जुळवताना एक दात जरी चुकला, तरी क्रॉसचे झटके एकमेकांना पूर्ण खोडत नाहीत. शाफ्टला मधे धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलं असेल तर ते गाडी जागेवरून निघतानाच जास्त जाणवतं.

आणि हबचा मोठा नट. बहुतेक गाड्यांत तो एकदाच वापरायचा असतो, कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळायचा, इम्पॅक्ट गनने नाही, आणि पूर्ण आवळेपर्यंत गाडीचं वजन त्या चाकावर येऊ द्यायचं नाही. नाहीतर थरथर जाते आणि महिन्याभरात बेअरिंग घरघरू लागतं.

एका बाबतीत मात्र आमचं तुमच्याशी अजून जमत नाही, काका. दोन्ही बाजूंचे ट्रायपॉड जॉइंट सारखे असतील तर ते डावे-उजवे अदलून बसवायचे, म्हणजे जोर खोबणीच्या न झिजलेल्या भिंतीवर येतो, हा तुमचा जुना इलाज. तो चालतो, थरथर खरोखर जाते. पण आम्ही तो निदानापुरताच धरतो. अदलाबदलीने थरथर गेली म्हणजे दोष जॉइंटचा, एवढं सिद्ध झालं, आणि त्यानंतर जॉइंट नवाच. रिव्हर्सला आणि इंजिन ब्रेकिंगला ती झिजलेली भिंत पुन्हा कामाला लागतेच. तुमचं यावरचं उत्तर ऐकायला आम्ही तयार आहोत. तोवर बारीक हालचाल मोजायचं डायल गेज तुमचंच, आमच्याकडे आहे. धूळ लागू दिलेली नाही.

तुमचे,
गाडीच्या पोटाखाली काम करणारे आम्ही सगळे