भाचीच्या नोकरीबद्दल

जव्हार,
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय दिलीप,
स. न. वि. वि.

भाचीने कंत्राटी शिक्षिकेची जागा घ्यावी का, असं तू विचारलंयस. फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

नेमकं ऐन शिक्षकदिनी, ५ सप्टेंबरला, शासनाने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांतली दोनपैकी एक जागा कंत्राटी केली. ओरड झाल्यावर २३ तारखेला ती मर्यादा दहावर आली. मानधन महिना १५,००० रुपये. करार वर्षाचा, आणि कायम करा असा हक्क सांगणार नाही हे आधीच लिहून द्यायचं. २५ तारखेला आम्ही शिक्षक सामूहिक रजा टाकून मोर्चाला गेलो, त्यात हाही मुद्दा होता.

शिक्षणसेवक म्हणून आधी मानधनावर लागलेल्यांनी सुरुवातीला तीन हजारांवर दिवस काढले. पण तीन वर्षांनी कायम होणार, हे त्यांना ठाऊक होतं. इथे पुढे काहीच नाही. आणि शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला साठ पटापर्यंत दोन शिक्षक सांगतो. दहा पोरांच्या पाड्याला त्यात वेगळं माप नाही, मग त्यांच्याच वाट्याला तात्पुरती बाई का?

आमच्या पहिलीतली पोरं घरी वारली बोलतात. आधी ती गप्प बसतात, मग बाईंच्या मागे मागे फिरतात, आणि दिवाळीनंतर कुठे मराठीत उत्तर देऊ लागतात. वाचन त्याच्याही पुढचं. शेजारच्या पाड्यावर मानधनावर एक मुलगी होती. तिने वारली शब्द वहीत उतरवून घेतले, त्यांतूनच अक्षरं शिकवली. पोरं जोडाक्षरांपर्यंत आली आणि कायम शिक्षक हजर झाले म्हणून तिला थांबवलं. नवे गुरुजी चांगले आहेत, पण पोरं पुन्हा गप्प झाली. याचा मला फार राग येतो, दिलीप. त्या मुलीचं शेवटचं मानधनही किती रखडलं!

तरीही ‘नको’ म्हणवत नाही. दुसरं कुणी आलं नाही तर एकच माणूस चारही वर्ग, पोषण आहार, टपाल सगळं ओढतो. आता तर निवडणूक तोंडावर आहे, म्हणजे तोही कामाला जुंपला जाणार. अशा वेळी शाळेत कुणीतरी हवंच.

तिला यायचं असेल तर येऊ दे. मात्र टेटचा, म्हणजे शिक्षकभरतीच्या अभियोग्यता चाचणीचा, अभ्यास एक दिवसही सोडू नये. कायमची वाट शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरूनच जाते. आदेश हातात पडल्याशिवाय रुजू होऊ नये, हमीपत्राची प्रत स्वतःकडे ठेवावी, आणि निघताना अनुभवाचा दाखला मागून घ्यावा. १५,००० मध्ये खोलीभाडं आणि जीपभाडं बसवायचं म्हणजे ओढाताण होणार, हे तिच्या आईलाही सांग. आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे, भाड्याचं नाव काढू नको.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिला घेऊन ये. शाळा भरलेली असताना बघू दे, मग ठरवा.

तुझा,
वसंत