अध्यक्ष बदलला, बॅटरी तीच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलै उजाडला की तुमच्या अंकात रोटरी, लायन्स अशा सेवाभावी क्लबांच्या पदग्रहणाच्या बातम्या सुरू होतात. मावळत्या अध्यक्षांनी नूतन अध्यक्षांच्या गळ्यात कॉलर घातली, प्रांतपाल उपस्थित होते, वर्षभराचे संकल्प जाहीर झाले. यंदा अंगणवाड्यांवर सोलर बसवण्याचा संकल्प दोन-तीन बातम्यांत वाचला, म्हणून लिहायला बसलो.

मी पेशाने इलेक्ट्रिशियन. सूतगिरणीत होतो, गिरणीचं दार बंद झाल्यावर घरीच पंखे, मोटारी, इन्व्हर्टरची कामं करत आलो. राहायला विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत. सून अंगणवाडी सेविका आहे. ती मला मामा म्हणते, म्हणून तिच्या बीटमधल्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटातल्या सगळ्या सेविका मामाच म्हणतात, आणि सोलर बंद पडलं की “मामा, जरा येऊन बघता का?” असा फोन येतो. खरं तर सोलर वॉरंटीत असतं, ज्याने बसवलं त्याने बघायचं. पण बसवणारा कोण, हे सेविकेला ठाऊक नसतं. बिल क्लबच्या नावावर, आणि ज्यांनी ते काम केलं ते अध्यक्ष आता माजी झालेले.

एका अंगणवाडीचं सांगतो. वस्तीचं नाव सांगत नाही, क्लबचंही नको. माणसं भली होती आणि मनापासून आली होती. पत्र्याच्या शेडवर सोलरच्या दोन प्लेटा, आत बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा चार्ज कंट्रोलर, एक ट्युब्युलर बॅटरी, दोन पंखे, दोन ट्यूब, भिंतीवर टीव्ही. दाराशेजारी ग्रॅनाइटचा फलक, त्यावर पदाधिकाऱ्यांची नावं ओळीने. टीव्हीवरचं प्लास्टिकचं कव्हर अजून निघालेलं नव्हतं. बॅटरी कोपऱ्यात, आहाराच्या पोत्यांमागे. पोती सरकवून बघितलं तर टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर चढलेला, पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट सगळे तळाला बसलेले. बूच काढून टॉर्च मारला, तर आतल्या शिशाच्या प्लेटा कोरड्या, उघड्या पडलेल्या. पाणी कधी घातलं होतं म्हणून विचारलं, तर मदतनीस ताई म्हणाल्या, “त्यात पाणी घालायचं असतंय? करंट लागंल म्हणून आम्ही हात बी लावत न्हाई.”

त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापली, फोटो निघाले, मुलांना खाऊ वाटला. दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर बघायचं, कमी असेल तर खुणेपर्यंत भरायचं, टर्मिनलला व्हॅसलीन लावायचं, एवढं सांगायला मात्र कोणी थांबलं नाही. पाच लिटरचा कॅन शे-दीडशे रुपयांत मिळतो. तो न आणल्यामुळे पंधरा हजारांच्या घरातली बॅटरी भंगारात गेली.

वर चढून बघितलं तर आणखी गंमत. सोलापुरात प्लेटचं तोंड दक्षिणेला हवं आणि उतार सतरा-अठरा अंशांचा, कारण आपले अक्षांशच तेवढे आहेत. इथे प्लेटा पश्चिमेला वळवलेल्या. का? तर रस्ता पश्चिमेला आहे, आणि स्टँडवर लावलेलं क्लबचं बोधचिन्ह रस्त्यावरून दिसायला हवं होतं. शेजारच्या कडुलिंबाची फांदी एका कोपऱ्यावर आलेली. एवढ्याशा सावलीने काय होतंय, असं लोकांना वाटतं. पण प्लेटमधले सेल एकाला एक जोडलेले असतात. एकावर सावली पडली की त्या सगळ्या ओळीचा करंट आवळला जातो. वर धूळ अशी की बोटाने नाव लिहावं. धुवायचं म्हटलं तर नळाला पाणी रोज येत नाही, आणि आलं तर आधी पिण्याचं भरायचं की प्लेटा धुवायच्या?

सोलापूरचं ऊन सोलरला उत्तम, असं भाषणात हमखास सांगतात. ते निम्मं खरं. प्लेटचं रेटिंग २५ अंशांवर काढलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४३-४४ वर जाते, प्लेट ६० च्या पुढे तापते, आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का वीज घटते. म्हणून प्लेट पत्र्याला चिकटवून बसवायची नाही, खालून वारा खेळला पाहिजे. स्टँडचे चार पैसे वाचवले की असं होतं.

दुसरा प्रकार एका शाळेतला. तिथे प्लेटा चांगल्या, तोंड दक्षिणेला, बिलही खाली आलेलं. पण मुख्याध्यापकांची तक्रार, “लाइट गेली की सोलर पण जातंय, मग उपयोग काय? तुम्ही इन्व्हर्टर बदलून द्या.” इन्व्हर्टर ठणठणीत होता. ती ऑनग्रिड सिस्टीम होती, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली, बॅटरी नसलेली. लाइनची वीज गेली की तिने बंद व्हायचं, अशीच तिची रचना असते. नाहीतर आपल्या छतावरची वीज उलटी लाइनमध्ये जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेईल. बिल कमी करायचं असेल तर ऑनग्रिड आणि नेट मीटर, म्हणजे लाइनला दिलेली वीजही मोजणारा मीटर. लाइट गेल्यावर पंखा फिरायला हवा असेल तर बॅटरी. दोन्ही हवं असेल तर हायब्रीड, आणि खिसा मोठा. हे देणाऱ्याने आधी विचारायचं असतं. इथे देणाऱ्याला आपण काय देतोय ते माहीत नव्हतं आणि घेणाऱ्याला आपण काय मागितलं ते.

आणखी एक हिशेब क्लबच्या मंडळींसाठी. जुना छताचा पंखा ७५ वॅट ओढतो, नव्या मोटारीचा बीएलडीसी पंखा तीसच्या आत. दोन जुने पंखे सहा तास चालले तर ९०० वॅट-तास, नवे चालले तर साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे आधी पंखे बदलले तर तीच बॅटरी दुपटीहून जास्त पुरते. पण पंखे बदलण्याचा कार्यक्रम कसा घ्यायचा आणि पाहुणे कोणाला बोलवायचं, हा प्रश्न असतो.

मी सोलरच्या विरोधात आहे असा कोणी अर्थ काढू नये. ज्या जिल्ह्यात १३२० मेगावॅटचं कोळशाचं वीज केंद्र उभं आहे, तिथल्या अंगणवाडीत वीजबिल कोणी भरायचं यावरून पंखा बंद राहतो, हे मी बघितलंय. छतावर स्वतःची वीज असली तर त्या बाईच्या डोक्याचा एक ताप जातो. आणि आमच्याकडे अंगणवाडी म्हणजे नुसती खिचडी नव्हे. आमच्या घरकुलात बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात. माझी बायकोही वळायची. आमची पोरं त्या तंबाखूच्या वासातच रांगली. तीन ते सहा वर्षांचं लेकरू निदान काही तास त्या धुळीपासून लांब, पंख्याखाली बसलं, चार गोष्टी शिकलं, तर ते थोडं नाही. कुंभारीच्या रे नगरात १९ जानेवारी २०२४ रोजी १५,००० घरांच्या चाव्या कामगारांना मिळाल्या. एवढ्या घरांतली लेकरं सकाळी कुठे बसतात, हे बघायला एखाद्या क्लबाने फोटोग्राफर न घेता जावं.

शिकवण्याचंही असंच चाललंय. क्लब येतो, भिंतीवर ए फॉर ॲपल आणि मिकी माउस रंगवून जातो. आमच्या पोरांच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, गल्लीच्या टोकाला उर्दू आणि अंगणवाडीत मराठी. अशा पोराला टीव्हीवरचं इंग्रजी गाणं लावून देऊन काय होणार? तारा दिसला की त्याला ‘स्टार’ म्हणता येतं, पण पोटात दुखतंय हे मराठीत सांगता येत नाही. ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना घेऊन १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला जी बालशिक्षणाची कामं उभी केली, त्यात बिया, शिंपले, पानं, माती हेच साहित्य होतं. सरकारची अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, त्याच्या कितीतरी आधी. माझी सून चिंचोके आणि बांगड्यांचे तुकडे घेऊन मोजणी शिकवते, आणि पोरं त्यात टीव्हीपेक्षा जास्त रमतात. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० सांगतं की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. म्हणजे ही सगळ्यांत महागाची वर्षं, आणि आपण ती भिंत रंगवण्यात काढतो.

एक चांगलं उदाहरणही आहे, तेही सांगायलाच हवं. सुनेच्या अंगणवाडीत एका क्लबच्या सदस्य बाई दर आठवड्याला येतात. निवृत्त शिक्षिका, घरची भाषा तेलुगू. सतरंजीवर बसतात, आधी तेलुगूत गोष्ट सांगतात, मग तीच मराठीत. पहिल्यांदा तेलुगूत हसलेली पोरं दुसऱ्यांदा मराठीत त्याच जागी हसतात. बाईंच्या क्लबात मधल्या काळात अध्यक्ष बदलले, बाई यायच्या थांबल्या नाहीत. हा प्रकल्प क्लबच्या अहवालात आहे की नाही, मला माहीत नाही. खर्च शून्य असल्यामुळे बहुतेक नसावा.

मूळ दुखणं कॅलेंडरचं आहे. रोटरी असो की लायन्स, त्यांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. जुलैत शपथ, ऑगस्टमध्ये झाडं, आणि नव्या अध्यक्षाला स्वतःचं काहीतरी दाखवायचं असतं. मागच्या अध्यक्षाने बसवलेल्या बॅटरीत पाणी घालणं हे त्याचं काम ठरत नाही, कारण त्याने बॅटरी बसवलेलीच नाही. प्लेट पंचवीस वर्षं टिकते, बॅटरी चार-पाच, अध्यक्ष एक. इथेच सगळं गणित बिघडतं.

“संस्थाच तशी आहे हो, दरवर्षी माणसं बदलणारच,” असं मला एका गिऱ्हाइकाने ऐकवलं. ते स्वतः क्लबात आहेत. मी त्यांना पोलिओची आठवण करून दिली. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचं काम अंगावर घेतलं. आपल्या देशात १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झालं. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. सरकारच्या आरोग्य सेविका, अंगणवाडीताई, आशा यांच्या पायपिटीवर ते झालं हे खरं, पण क्लबची माणसंही बूथवर टेबल टाकून बसायची आणि पोरांच्या डाव्या करंगळीला शाई लावायची, हे आम्ही बघितलंय. तेवढ्या वर्षांत किती अध्यक्ष आले आणि गेले! तरी काम सुटलं नाही, कारण ते अध्यक्षाचं नव्हतं, संस्थेचं होतं. मग दोन प्लेटांचं काम संस्थेचं का होत नाही?

त्याच गिऱ्हाइकाने पुढे सांगितलं की रोटरी फाउंडेशनच्या मोठ्या ग्लोबल ग्रँटला प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा लागतो, आणि त्यात आधी गरजेची पाहणी आणि नंतर तो टिकणार कसा हे लिहून द्यावं लागतं. म्हणजे नियम आहे, तो फक्त मोठ्या रकमेला आहे. साठ-सत्तर हजारांच्या कामाला कोणी विचारत नाही, आणि सोलापुरातली बहुतेक कामं तेवढ्याच रकमेची.

म्हणून नूतन अध्यक्षांना माझी विनंती आहे. यंदा नवीन सोलर बसवण्याआधी मागच्या पाच अध्यक्षांनी जे दिलं त्याची एक फेरी मारा. सोबत इलेक्ट्रिशियन न्या, पाहुणे नकोत. जे बंद आहे ते चालू करून द्या आणि तेच यंदाचं काम म्हणून जाहीर करा. तुम्ही संपादकांनीही ती बातमी उद्घाटनाएवढ्याच जागेत छापा. नवीन बसवायचंच असेल तर बॅटरी बदलण्याचे पैसे पहिल्याच दिवशी क्लबच्या नावाने मुदत ठेवीत टाका, आणि बसवणाऱ्याशी पाच वर्षांच्या देखभालीचा करार त्याच बिलात करा. ग्रॅनाइटवर पंधरा नावं कोरण्यापेक्षा दाराच्या आतल्या बाजूला एकच फोन नंबर रंगवा, जो पुढच्या जुलैतही कोणीतरी उचलेल. आणि सेविकेला आधी विचारा. ती म्हणेल की सोलर राहू दे, आधी गळका पत्रा बदला. तर पत्रा बदला.

मी आता काही खांबावर चढत नाही, पण बॅटरी बघणं, पाणी घालणं, कनेक्शन घट्ट करणं एवढं सेविका आणि मदतनिसांना शिकवायला अर्धा दिवस पुरतो. बीटच्या मासिक बैठकीत कोणी बोलावलं तर मी येईन, मानधन नको. डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन, रबरी हातमोजे आणि व्हॅसलीनची डबी क्लबाने आणावी. बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायचा हायड्रोमीटर माझ्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त इलेक्ट्रिशियन,
विडी घरकुल, सोलापूर

(सून नोकरीत आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती. पत्ता कार्यालयात दिला आहे.)